धातूंचा हिशेबनीस

शुश्रूषा, जिज्ञासा, शिक्षण आणि भिक्षा. हे चार शब्द आपल्या घरांत रोज कोणी ना कोणी उच्चारतो, पण ते एकाच कुळातले आहेत हे सहसा लक्षात येत नाही. संस्कृतमध्ये एखाद्या क्रियापदाच्या मुळाला, म्हणजे धातूला, ठरावीक संस्कार केला की ती क्रिया करण्याची इच्छा असा अर्थ निघतो. ज्ञा म्हणजे जाणणे, जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा. श्रु म्हणजे ऐकणे, शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. गुरूचे ऐकायला मिळावे म्हणून त्याच्याजवळ राहणारा शिष्य त्याची सेवा करू लागला, आणि शब्दाचा अर्थ हळूहळू कानाकडून हातांकडे सरकला. आज आपण आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढतो त्यालाही शुश्रूषाच म्हणतो. शक् म्हणजे समर्थ असणे. समर्थ होण्याच्या इच्छेतून शिक्ष् आला आणि त्यातून शिक्षण. भज् म्हणजे वाटून देणे-घेणे. आपल्यालाही वाटा मिळावा या इच्छेतून भिक्ष् आला आणि त्यातून भिक्षा.

शब्दांच्या या कुळकथा सांगणाऱ्यांत पहिला मान अर्थातच पाणिनीचा. परंतु आज मला सांगायची आहे ती गोष्ट एका वेगळ्याच माणसाची. त्याने उभ्या आयुष्यात भारताचा किनारा पाहिला नाही. तरीही संस्कृतच्या एकेका धातूचा, त्याच्या एकेका रूपाचा, ते रूप कोणत्या काळी वापरात आले आणि कधी मागे पडले याचा त्याने असा चोख जमाखर्च मांडला, की सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली तरी अभ्यासक तो ग्रंथ हाताशी ठेवतात. पाणिनीशी त्याने भांडणही मांडले. त्या भांडणात तो कुठे जिंकला आणि कुठे हरला हे पाहताना आपल्या मराठीविषयीही काही उमगते, म्हणून हा लेखनप्रपंच.

विल्यम ड्वाइट व्हिटनी याचा जन्म अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थॅम्प्टन या गावी, ९ फेब्रुवारी १८२७ रोजी झाला. वडील बँकेच्या व्यवसायात होते. १८४५ साली, अठराव्या वर्षी, तो विल्यम्स कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडला आणि वडिलांच्याच बँकेत कारकुनी करू लागला. सुमारे तीन वर्षे त्याने खातेवह्या सांभाळल्या. फावल्या वेळात रानात जाऊन पक्षी आणि वनस्पती गोळा करण्याचा त्याला छंद होता. नोंद करायची, वर्ग लावायचा, मिळालेला नमुना आपल्या जागी ठेवायचा, ही सवय त्याच्या हाडीमांसी खिळली ती याच काळात, असे मला वाटते.

त्याचा थोरला भाऊ जोसाया भूगर्भशास्त्रज्ञ होता. कॅलिफोर्नियातील माउंट व्हिटनी या उंच शिखराला पुढे याच भावाचे नाव देण्यात आले. जोसाया युरोपात शिकून परतला तेव्हा त्याने सोबत आणलेल्या पुस्तकांत फ्रान्झ बॉप या जर्मन पंडिताचे संस्कृत व्याकरण होते. बँकेतल्या कारकुनाने ते सहज चाळायला घेतले आणि त्याचे आयुष्य बदलून गेले. १८४९ च्या उन्हाळ्यात लेक सुपीरियरच्या परिसराची सरकारी भूगर्भ पाहणी चालू होती. भावाबरोबर तोही त्या मोहिमेवर गेला. त्याच्याकडे कामे तीन: वनस्पतींची नोंद, वायुभारमापकाची निरीक्षणे आणि खर्चाचा हिशेब. यातून उरलेल्या वेळात संस्कृत. गंगा-गोदावरीच्या काठची भाषा अमेरिकेतल्या सरोवराकाठच्या अरण्यात एक तरुण एकट्याने घोकतो आहे, हे चित्र मला फार विलक्षण वाटते.

त्याच वर्षी तो न्यू हेवनला येल येथे एडवर्ड सॅलिसबरी या प्राध्यापकाकडे शिकायला गेला. अमेरिकेत तेव्हा संस्कृत शिकवणारे असे हेच एक गृहस्थ. शिष्य कोणत्या तोडीचा आहे हे त्यांनी लवकरच ओळखले. १८५० मध्ये व्हिटनी जर्मनीला गेला. तीन हिवाळे बर्लिनमध्ये आल्ब्रेख्त वेबर यांच्याकडे आणि दोन उन्हाळे ट्युबिंगेनला रुडॉल्फ रोट यांच्याकडे, असा त्याचा अभ्यास चालला. बर्लिनच्या ग्रंथालयातील अथर्ववेदाच्या हस्तलिखितांवरून त्याने संहितेची नक्कल स्वतःच्या हाताने उतरवून काढली. परतीच्या वाटेवर पॅरिस, ऑक्सफर्ड आणि लंडन येथील पोथ्यांशी ती ताडून पाहिली. रोट आणि व्हिटनी यांनी मिळून सिद्ध केलेली अथर्ववेदाची छापील संहिता १८५६ मध्ये पुरी झाली.

दरम्यान १८५४ मध्ये येलने त्याला संस्कृतचा प्राध्यापक नेमले होते. या नेमणुकीमागची हकीकत सांगण्याजोगी आहे. पगारासाठी लागणारा पैसा सॅलिसबरी यांनी स्वतःच्या खिशातून दिला. आपल्यापेक्षा शिष्य मोठा आहे हे ओळखणारे गुरू आढळतात. पण त्यासाठी आपली खुर्ची मोकळी करून वर पदरचे द्रव्यही देणारा गुरू विरळाच. तरीही ती प्राप्ती संसाराला पुरेशी नव्हती. १८५६ मध्ये व्हिटनीचे लग्न झाले, मुले झाली, आणि हा जगन्मान्य वेदपंडित कॉलेजातल्या मुलांना फ्रेंच आणि जर्मन शिकवून घरखर्चाची तोंडमिळवणी करू लागला. या दोन्ही भाषांची शालोपयोगी व्याकरणेही त्याने लिहिली.

महाराष्ट्राशी त्याचा एक धागा जुळला तोही याच काळात. एबेनेझर बर्जेस नावाचे अमेरिकन मिशनरी आपल्या मराठी मुलखात अनेक वर्षे राहिले होते. शाळांसाठी मराठीत खगोलशास्त्राचे पुस्तक लिहावे या हेतूने त्यांनी भारतीय ज्योतिषाचा अभ्यास सुरू केला आणि त्यातून सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर हाती घेतले. अमेरिकेत परतल्यावर ते काम व्हिटनीच्या हाती आले. त्याने गणिते तपासली, विस्तृत टिपांची भर घातली, आणि १८६० मध्ये ते भाषांतर अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. मराठी शाळकरी मुलांसाठी काढलेल्या पुस्तकाच्या पोटी अशा रीतीने जगभरच्या अभ्यासकांच्या उपयोगी पडलेला ग्रंथ जन्मला.

आता त्याच्या मुख्य कामाकडे वळतो. १८७९ मध्ये त्याचे संस्कृत व्याकरण लाइपझिगला प्रसिद्ध झाले. तोपर्यंत युरोपात लिहिली गेलेली व्याकरणे बहुतांशी पाणिनीय परंपरेचे बोट धरून चालत. व्हिटनीने वाट बदलली. परंपरा काय सांगते हे बाजूला ठेवून, प्रत्यक्ष ग्रंथांत काय सापडते ते पाहायचे, असे त्याने ठरवले. ऋग्वेद, अथर्ववेद, ब्राह्मणे, सूत्रे, महाकाव्ये आणि पुढचे अभिजात साहित्य असे थर लावून कोणते रूप कोणत्या थरात भेटते याची नोंद त्याने केली. हा कित्ता त्याने आधीच गिरवला होता. अथर्ववेदातील प्रत्येक शब्द कुठे कुठे आला आहे याची संपूर्ण सूची त्याने १८८१ मध्ये प्रसिद्ध केली. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनाच त्यातली चिकाटी कळेल.

१८८५ मध्ये व्याकरणाची पुरवणी म्हणून त्याचा धातुकोश आला. संस्कृत भाषेतील धातू, त्यांची क्रियारूपे आणि त्यांच्यापासून थेट निघालेली नामे-विशेषणे असा त्याचा विषय. एकच उदाहरण घेऊ. कृ म्हणजे करणे. या एका धातूखाली करोति, चकार, करिष्यति ही काळांची रूपे येतात. क्रियते हे कर्मणी रूप, कारयति म्हणजे करवणे, चिकीर्षति म्हणजे करू इच्छिणे. मग कर्म, कार्य, करण, कर्ता, कृती, क्रिया, कारक ही सगळी संतती. आपल्या बोलण्यातून या एका धातूचे वंशज काढून टाकले तर मराठीचे निम्मे दुकान बंद पडेल! पण व्हिटनीचे वैशिष्ट्य याच्याही पुढचे. प्रत्येक रूपापुढे त्याने काळाची खूण घातली. त्यामुळे असे दिसते, की ऋग्वेदात प्रामुख्याने कृणोति असे रूप आहे, अथर्ववेदापासून करोति डोके वर काढते आणि पुढे कृणोति पार नाहीसे होते. आपले मराठी करणे या करोति-कडचे. पाणिनीच्या यंत्रात धातू घातला की रूप बाहेर पडते. ते रूप कोणत्या पिढीचे आहे, हे व्हिटनीच्या वहीत सापडते.

आणि याच वहीवरून भांडण पेटले. पाणिनीय परंपरेत धातुपाठ नावाची यादी आहे. दहा गणांत विभागलेले सुमारे दोन हजार धातू तीत येतात. लहानपणी पाठशाळेत ते घोकून घेण्याची चाल होती. व्हिटनीने छापलेले संस्कृत साहित्य आणि बोटलिंक-रोट यांचा सेंट पीटर्सबर्गचा प्रचंड कोश समोर ठेवून हिशेब केला. प्रत्यक्ष वापरात सापडणारे धातू भरले नऊशेच्या आसपास. निम्म्याहून अधिक धातूंचा ग्रंथांत मागमूस नाही. बँकेत वाढलेल्या माणसाला हे खाते खटकणार नाही तर काय? १८८४ मध्ये लिहिलेल्या एका लेखात त्याने सरळ प्रश्न उभा केला. वैयाकरणांचे संस्कृत आणि साहित्यातले संस्कृत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीचा अभ्यास म्हणजे दुसरीचा अभ्यास नव्हे, असा त्याचा निष्कर्ष होता. हे न सापडणारे धातू वैयाकरणांनी रचले असावेत, असा त्याचा रोख होता.

त्याचे म्हणणे सगळेच टाकाऊ नव्हते. आरंभी सांगितलेले शिक्ष् आणि भिक्ष् पाहा. धातुपाठात ते स्वतंत्र धातू म्हणून येतात. व्हिटनीने दाखवले की ते शक् आणि भज् यांची इच्छार्थी अपत्ये आहेत. जक्ष् म्हणजे खाणे हा घस् या धातूचे द्विरुक्त रूप होय. मन्त्र् आणि अर्थ् हे तर मंत्र आणि अर्थ या नामांवरून मागाहून घडलेले. म्हणजे यादीत बापाच्या शेजारी मुलगा आणि नातू यांचीही नावे कुटुंबप्रमुख म्हणून लागली होती. कुठे मतभेदही होते. चिकित्सा हा शब्द पाणिनीय परंपरा कित् या धातूपासून साधते. व्हिटनीने तो चित्, म्हणजे जाणणे-लक्ष देणे, याच्याकडे नेला. इतिहास म्हणून पाहायचे तर अशी शिरगणती पुन्हा करणे आवश्यकच होते.

परंतु दुसरी बाजूही तितकीच भक्कम होती, आणि तिचे केंद्र होते मुंबई-पुणे. फ्रान्झ कीलहॉर्न १८६६ पासून १८८१ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते. पुण्याच्या शास्त्र्यांजवळ बसून ते व्याकरण शिकले आणि पतंजलीच्या महाभाष्याची त्यांची आवृत्ती १८८० ते १८८५ या काळात मुंबईहून निघाली. एकाच वर्षी एकीकडे व्हिटनीचा धातुकोश निघाला आणि दुसरीकडे महाभाष्याची आवृत्ती पूर्ण झाली. योगायोग असा, की व्हिटनीच्या आक्षेपाचे उत्तर त्या महाभाष्यात दोन हजार वर्षांपूर्वीच देऊन ठेवलेले आहे. पतंजली ग्रंथारंभीच्या आह्निकात सांगतो, की शब्दांच्या वापराचे क्षेत्र अफाट आहे. ते सगळे धुंडाळल्याशिवाय अमुक शब्द वापरात नाही असे म्हणणे धाडसाचे आहे. मग तो दाखले देतो. जाणे या अर्थी शवति हे क्रियापद कंबोज देशातच बोलतात. आर्यांकडे त्याचे शव एवढे नाम उरले आहे. सौराष्ट्रात हम्मति म्हणतात, पूर्वेकडे रंहति. कापणे या अर्थाचा दाति पूर्वेकडचा, तर उत्तरेकडे नुसते दात्र, म्हणजे विळा, एवढेच राहिले आहे. यातल्या शवति-चा जवळचा नातलग जाणे याच अर्थाने जुन्या इराणी भाषांत खरोखरच सापडतो. म्हणजे वैयाकरण कल्पनेचे पतंग उडवत नव्हते. लोक कुठे काय बोलतात याकडे त्यांचे कान होते.

व्हिटनीला मात्र विश्रांती माहीत नव्हती. मॅक्समुल्लर यांच्याशी त्याचा वाद वर्षानुवर्षे चालला. भाषेचे मूळ धातू माणसाच्या अंतःप्रकृतीतून आपोआप उमटले अशा तऱ्हेची मॅक्समुल्लर यांची मांडणी होती. व्हिटनी म्हणे, की भाषा ही माणसांनी एकमेकांसाठी उभी केलेली, पिढीने पिढीला सोपवलेली एक सामाजिक संस्था आहे. हा विचार पुढे फेर्दिनां द सोस्यूर यांना मार्गदर्शक वाटला आणि आधुनिक भाषाविज्ञानाच्या पायात त्याचा दगड बसला. मानसन्मानही लाभले. १८८१ मध्ये थॉमस कार्लाइल यांच्या निधनाने रिकामी झालेली प्रशियाच्या पूर ल मेरित या सन्मानातील जागा त्याला देण्यात आली.

१८८६ मध्ये हृदयविकाराने त्याला गाठले. हिंडण्या-फिरण्याची आवड असलेल्या माणसावर घरातच मोजकी पावले टाकण्याची पाळी आली. तरी विद्यार्थी घरी येत राहिले आणि धडे चालू राहिले. १८८९ ते १८९१ या काळात निघालेल्या सेंच्युरी या प्रचंड इंग्रजी कोशाचा तो प्रमुख संपादक होता. १८९३ मध्ये त्याने भारतीय व्याकरणावर पुन्हा एक लेख लिहून आपले म्हणणे बजावले. पाणिनीच्या बुद्धिमत्तेबद्दल त्याला शंका नव्हती. पण पुरावा दाखवा, हा त्याचा हट्ट अखेरपर्यंत सुटला नाही. ७ जून १८९४ रोजी न्यू हेवन येथे त्याचे निधन झाले. मेजावर अथर्ववेदाचे भाषांतर अपुरे होते. चार्ल्स लॅनमन या शिष्याने स्वतःची कामे मागे ठेवून ते सिद्ध केले आणि १९०५ मध्ये गुरूच्या नावाने प्रसिद्ध केले. सॅलिसबरी यांनी गुरू म्हणून जे दिले होते, ते लॅनमन यांनी शिष्य म्हणून फेडले.

ज्या वर्षी व्हिटनी गेला त्याच वर्षी, १८९४ मध्ये, गेओर्ग ब्यूलर यांचा एक लेख निघाला. हे ब्यूलर १८६३ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात आलेले आणि पुढे गुजरातेत शिक्षणखात्यात गावोगाव हिंडलेले. साहित्यात न सापडणारे धातू हाच त्यांच्या लेखाचा विषय. संस्कृत पोथ्यांत न सापडणारे धातू पाली, प्राकृत आणि आजच्या देशी भाषांत शोधा, असे त्यांनी सांगितले, आणि कित्येक शोधून दाखवले. जो माणूस इथल्या बाजारांतून आणि खेड्यांतून फिरला त्याला जे दिसले, ते न्यू हेवनच्या अभ्यासिकेतून दिसणे कठीण होते. व्हिटनीच्या खातेवहीत चूक नव्हती. पण तो फक्त ग्रंथांची आवक मोजत होता. भाषेचा फार मोठा व्यवहार रोखीने, तोंडातोंडी होतो, आणि त्याची पावती राहत नाही.

आपल्या घरातलीच दोन उदाहरणे देतो. धातुपाठाच्या परंपरेत खाणे या अर्थाचा जिम् असा धातू काहींनी सांगितला आहे. त्याचे रूप जेमति. संस्कृत काव्यनाटकांत हा प्राणी क्वचितच दिसतो. तिथली माणसे भुंक्ते किंवा खादति म्हणतात. पण प्राकृतात जेमइ आहे, गुजरातीत जमवुं आहे, राजस्थानीत जीमणो आहे, आणि आपल्याकडे रोज दोन वेळा म्हणतात ते जेवणे आहे. दुसरा धातू हिण्ड्. धातुपाठात त्याचा अर्थ जाणे असा दिला आहे. जुन्या संस्कृत ग्रंथांत तो सहसा भेटत नाही. प्राकृतात मात्र हिंडइ सर्रास, आणि मराठीत तर हिंडणे हा शब्द नाही असा दिवस जात नाही. ज्या शब्दांना पंडितांच्या पंगतीत पान मिळाले नाही, ते स्वयंपाकघरात आणि रानावनात पिढ्यान्पिढ्या जिवंत राहिले. ते जपले ते अक्षरशत्रू म्हणून हिणवल्या गेलेल्या आयाबायांनी आणि गुराख्यांनी.

याचा अर्थ धातुपाठातला प्रत्येक धातू खरा ठरला असा नाही. काही पाठभेद आहेत, काही लेखनिकांचे प्रमाद आहेत, काहींचा ठावठिकाणा आजही लागलेला नाही. या सगळ्यांची शहानिशा पुण्यातच झाली, याचे मला विशेष वाटते. डॉ. ग. बा. पळसुले यांनी वेगवेगळ्या व्याकरण-परंपरांचे धातुपाठ समोरासमोर मांडणारी सूची १९५५ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे प्रसिद्ध केली आणि १९६१ मध्ये त्यांचा चिकित्सक अभ्यास पुणे विद्यापीठाने छापला. त्याच डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वावरील संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले. कोणता शब्द कोणत्या काळी कोणत्या अर्थाने आला, हे ग्रंथागणिक चिठ्ठ्या करून नोंदवण्याची ती पद्धत. त्याचा पहिला भाग १९७६ मध्ये निघाला. पद्धत पाहिली तर ती व्हिटनीच्याच घराण्यातली आहे, आणि तिथे काम करणाऱ्यांच्या मनात पाणिनीबद्दलचा आदर तसूभरही कमी झालेला नाही.

मला या कथेतले मोल इथेच दिसते. आपल्याकडे परंपरेवर कोणी बोट ठेवले की दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक तर तो परका आहे म्हणून झिडकारायचे, नाही तर परका आहे म्हणून मान डोलवायची. व्हिटनीच्या बाबतीत ज्यांनी हे दोन्ही टाळून तिसरी वाट धरली, त्यांनीच ज्ञानात भर घातली. त्याने पुरावा मागितला, म्हणून पुरावा शोधला गेला. तो शोधताना देशी भाषांची किंमत कळली. गंमत अशी, की त्याच्याच एका विद्यार्थ्याचा, मॉरिस ब्लूमफील्डचा, पुतण्या लिओनार्ड हा अमेरिकन भाषाविज्ञानाचा अध्वर्यू झाला, आणि १९३३ मध्ये लिहिलेल्या आपल्या विख्यात ग्रंथात त्याने पाणिनीचा मुक्तकंठाने गौरव केला.

आज संस्कृतचा विद्यार्थी अडला म्हणजे रूप कसे सिद्ध होते हे पाणिनीला विचारतो आणि ते कधी वापरले गेले हे व्हिटनीला. शालातुर गावचा तो सूत्रकार आणि नॉर्थॅम्प्टनचा हा कारकून, दोघे एकाच फळीवर शेजारी शेजारी उभे असतात. आणि जे या दोघांनाही विचारून कळत नाही, ते कधी कधी आपल्या घरात पान वाढल्यावर जेवायला चला अशी जी हाक येते, तिच्यात ऐकू येते.